तीन सरोवरे, तीन समुद्र

आफ्रिकेच्या पूर्व भागाचा नकाशा समोर ठेवला, तर विषुववृत्तापासून खाली दक्षिणेकडे तीन मोठी सरोवरे दिसतात. सर्वांत वर व्हिक्टोरिया. ते पसरट व अफाट आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे केरळ राज्याच्या जवळजवळ पावणेदोनपट. त्याच्या नैर्ऋत्येस टांगानिका. ते लांबट, अरुंद आणि अतिशय खोल आहे. खोलीच्या बाबतीत सैबेरियातील बैकल सरोवराखालोखाल जगात त्याचाच क्रमांक लागतो. आणि टांगानिकाच्या आग्नेयेस न्यासा. त्याला आता मालावी सरोवर असेही म्हणतात. एकाच्या काठापासून दुसऱ्याच्या काठापर्यंतचे अंतर दोनशे मैलांच्या आसपास भरते. इतका हा निकटचा शेजार. परंतु व्हिक्टोरियाचे पाणी नाईल नदीने उत्तरेस भूमध्य समुद्रात जाते, टांगानिकाचे पाणी काँगो नदीवाटे पश्चिमेस अटलांटिक महासागराला मिळते आणि न्यासाचे पाणी शिरे व झांबेझी या नद्यांतून आपल्या हिंदी महासागरात उतरते.

शाळेतला मुलगा आज हे बोट ठेवून दाखवील. १८५६ साली मात्र नकाशे काढणाऱ्यांपैकी कोणालाच हे ठाऊक नव्हते. ते कळण्यास पुढे एकवीस वर्षे लागली आणि त्या काळात दोन मित्रांचे वैर झाले, थोर माणसांचे जीव गेले, नामांकित विद्वानांनी भर सभेत एकमेकांस खोटे पाडले. त्या एकवीस वर्षांची हकीकत आज सांगावयाची आहे. या हकीकतीत बनारस, मुंबई आणि नाशिक ही आपली गावे येतात. इंग्रजी ग्रंथांत त्यांना बहुधा तळटिपेपुरतीच जागा मिळते, म्हणूनही ती सांगावीशी वाटते.

प्रथम अडचण कोणती होती ती पाहू. सरोवरात पाणी कोठून येते हे काठाकाठाने हिंडणाऱ्यास सहज दिसते, कारण येणाऱ्या नद्या अनेक असतात. पाणी बाहेर जाण्याची वाट मात्र बहुधा एकच. आपल्या गावतळ्याला जसा सांडवा असतो, तशी सरोवराच्या कडेत जेथे सर्वांत सखल जागा असेल तेथून ती निघते. शेकडो मैलांच्या परिघात ती एखाद्या खाडीत, लव्हाळ्याच्या आड, दडलेली असू शकते. ती सापडली तरी काम संपत नाही. त्या नदीबरोबर थेट समुद्रापर्यंत उतरावे लागते. मध्ये पन्नास मैलांचा टप्पा सुटला, तर वर पाहिलेली आणि खाली भेटलेली नदी एकच कशावरून, हा प्रश्न प्रतिपक्ष टाकणारच. दुसरा मार्ग उंची मोजण्याचा. पाणी चढ चढत नाही, हा नियम कोणी मोडू शकत नाही. पण त्या काळी प्रवासी उंची मोजत ती पाणी उकळून. जितके उंच जावे तितके पाणी कमी उष्णतेवर उकळते. फॅरनहाइटच्या एका अंशाला साधारण साडेपाचशे फूट असा तो हिशेब. म्हणजे तापमापक अंशभर चुकला की अख्खी टेकडी इकडची तिकडे होते.

नाईलच्या उगमाचे कोडे ग्रीकांच्या काळापासूनचे. हिरोडोटसने ईजिप्तमध्ये चौकशी केली आणि खात्रीचे सांगणारा कोणी भेटला नाही असे लिहून ठेवले. रोमच्या नीरो बादशहाने पाठविलेली माणसे नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या अफाट दलदलीत अडकून परत फिरली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने नकाशात 'चंद्राचे पर्वत' काढले व त्यांच्या पायथ्याच्या सरोवरांतून नाईल निघते असे दाखविले. पुढची सोळाशे वर्षे बहुतेक नकाशेकार तेच गिरवीत राहिले.

येथे बनारसचा प्रवेश होतो. फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा कंपनीच्या लष्करातील एक इंजिनियर अधिकारी बनारसला राहून पुराणांचा अभ्यास करीत असे. ईजिप्त व नाईल यांचा उल्लेख आपल्या पुराणांत असलाच पाहिजे अशी त्याची समजूत होती, आणि पदरच्या पंडितापाशी ती तो बोलून दाखवी. मग काय, पंडिताला उल्लेख सापडू लागले! विल्फर्डने १७९२ साली एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत नकाशासह एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. नाईल ही 'काली' नदी ठरली, चंद्राचे पर्वत सापडले आणि तिचा उगम 'अमर' नावाच्या सरोवरात आला. काही वर्षांनी पोथ्या पुन्हा तपासताना पाने बदललेली व श्लोक नव्याने रचून घातलेले आहेत असे त्याच्या ध्यानात आले. त्याने त्याच ग्रंथमालेत हे उघडपणे कबूल केले. वरिष्ठांना जे ऐकावयाचे असते तेच टिपणात कसे उतरते, याचा अनुभव सरकारी कचेरीत थोडीबहुत वर्षे काढलेल्या कोणासही असतो. तेव्हा पंडितावर एकट्यावर रागावण्यात अर्थ नाही. गंमत पुढेच आहे. हा निबंध झांझिबार येथील ब्रिटिश वकील कर्नल रिग्बी याने जॉन हॅनिंग स्पीक या प्रवाशाच्या हाती दिला. विल्फर्डच्या कबुलीला जवळजवळ साठ वर्षे होऊन गेली असताना, १८६३ साली स्पीकने आपल्या ग्रंथात तो नकाशा मोठ्या आदराने छापला. नाईलच्या उगमाची खरी माहिती प्राचीन हिंदूंना होती असा त्याचा विश्वास बसला होता. बनावट नकाशाने खऱ्या सरोवराकडे बोट दाखविले, असा हा योग.

या स्पीकची पहिली सफर मुंबईहून निघाली. तो बंगालच्या पलटणीतला. त्याचा पुढारी रिचर्ड बर्टन मुंबईच्या पलटणीतला, अनेक भाषांचा पंडित. हिंदुस्तानी, गुजराती यांबरोबर मराठीचीही सरकारी परीक्षा तो उतरला होता. १८५६ च्या डिसेंबरात 'एल्फिन्स्टन' या जहाजाने दोघे मुंबई सोडून झांझिबारला गेले आणि पुढील उन्हाळ्यात आत शिरले. त्यांच्याबरोबर सिदी मुबारक बॉम्बे नावाचा एक याओ जातीचा माणूस होता. लहानपणी गुलाम म्हणून एका हिंदी व्यापाऱ्याला विकला गेलेला हा मुलगा हिंदुस्थानात वाढला, धनी वारल्यावर सुटला आणि आफ्रिकेत परतला. गावाचेच नाव त्याला चिकटले होते. स्पीकला स्थानिक भाषा येत नसत. तो बॉम्बेशी मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत बोले व बॉम्बे पुढे दुभाष्याचे काम करी. नाईलच्या उगमाची पहिली चौकशी अशी आपल्याकडच्या बाजारी हिंदुस्तानीतून झाली.

१८५८ च्या फेब्रुवारीत ते टांगानिकाच्या काठी उजिजी येथे पोहोचले तेव्हा बर्टनला चालता येत नव्हते आणि डोळे आल्यामुळे स्पीकला सरोवर धड दिसत नव्हते. सरोवराच्या उत्तर टोकाला रुसिझी नावाची नदी आहे, असे त्यांना समजले. ती बाहेर पडत असेल तर ती नाईलच, असे बर्टनने मनाशी धरले होते. होड्यांतून ते उत्तरेकडे गेले. टोक गाठता आले नाही. पण तेथील सरदाराच्या मुलांनी स्पष्ट सांगितले की नदी सरोवरातून निघत नाही, सरोवरात येते. बर्टनच्या उत्साहावर पाणी पडले. परतीच्या वाटेवर तो काझे या अरबांच्या ठाण्यात विश्रांतीस राहिला आणि स्पीक एकटा उत्तरेस गेला. ऑगस्टच्या आरंभी एका टेकडीवरून त्याला दुसरे एक सरोवर दिसले, ज्याचा पलीकडचा काठ दिसेना. त्याला त्याने आपल्या राणीचे नाव दिले. पाणी उकळून उंची पाहिली. ती टांगानिकाच्या दुप्पट आली. नाईलचा उगम हाच, असे त्याने तेथल्या तेथे ठरवून टाकले. एक कोपरा पाहिलेला, पाणी बाहेर पडते कोठून ते मुळीच न पाहिलेले, आणि निर्णय मात्र ठाम! बर्टनला हे पटले नाही. मला विचाराल तर, पुराव्याच्या दृष्टीने त्या दिवशी बर्टनचीच बाजू बळकट होती. निर्णय मात्र स्पीकचा बरोबर होता.

स्पीक पुन्हा गेला, या वेळी ग्रँट या सोबत्याबरोबर. २८ जुलै १८६२ रोजी व्हिक्टोरियाच्या उत्तर काठावर, आज जेथे युगांडातील जिंजा शहर आहे तेथे, सरोवराच्या कडेवरून पाणी खाली कोसळताना त्याने पाहिले. सांडवा सापडला. त्या धबधब्याला त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्रफिकल सोसायटीचे अध्यक्षपद भूषविलेल्या लॉर्ड रिपन यांचे नाव दिले. हेच रिपन पुढे १८८० साली आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले. स्थानिक स्वराज्याच्या ठरावामुळे त्यांचे नाव आपण जाणतो.

पण स्पीक पडला उतावळा. नदी धरून सलग खाली जाण्याऐवजी वाटेतील लढायांमुळे त्याने मधला वळसा सोडला आणि खाली पुन्हा नदी गाठली. सरोवरही त्याने सर्व बाजूंनी पाहिले नव्हते. ते एक नसून चार-पाच तळ्यांचा समूह असेल असे टीकाकार म्हणू लागले. गोंडोकोरो येथे भेटलेल्या सॅम्युएल बेकरने सुटलेल्या भागाकडे जाऊन १८६४ साली आल्बर्ट सरोवर शोधले. त्यामुळे कोडे सुटण्याऐवजी वाढलेच, कारण आता टांगानिकाचे पाणी रुसिझीतून आल्बर्टात व तेथून नाईलमध्ये जात असेल, असे म्हणण्यास बर्टनला जागा मिळाली. टांगानिकाची उंची फार कमी आहे या आक्षेपावर त्या पक्षाचे उत्तर असे की तापमापकच बिघडलेला होता. आणि ते खरेही होते. दोघांनी टांगानिकाची उंची साडेअठराशे फुटांच्या आसपास धरली होती. ती वास्तविक अडीच हजार फुटांहून थोडी अधिक आहे. सव्वा अंशाचा फरक! १६ सप्टेंबर १८६४ रोजी बाथ शहरी विद्वानांच्या परिषदेत दोघांचा समोरासमोर वाद व्हावयाचा होता. आदल्या दिवशी दुपारी शिकारीस गेलेला स्पीक कुंपणाची भिंत ओलांडताना स्वतःच्याच बंदुकीची गोळी लागून मरण पावला. पंचांनी अपघात ठरविला. कुजबूज आजतागायत थांबलेली नाही. तो सदतीस वर्षांचा होता.

प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी सोसायटीने डेव्हिड लिव्हिंगस्टनकडे काम सोपविले. न्यासा सरोवर व त्यातून निघणारी शिरे नदी यांची नीट माहिती युरोपला त्यानेच १८५९ साली करून दिली होती. म्हणजे तीनपैकी एका सरोवराचा हिशेब चुकता झालेला होता. १८६४ साली आपली छोटी आगबोट घेऊन हा गृहस्थ हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आला. आगबोट विकून आलेले पैसे येथील एका पेढीत ठेवले आणि शेअरबाजाराच्या त्या प्रसिद्ध पडझडीत ती पेढी बुडाली. मुंबईस त्याला बरकत आली नाही खरी, परंतु माणसे मिळाली.

नाशिकजवळ शरणपूर येथे ख्रिस्ती मिशनची एक आफ्रिकी मुलांची शाळा होती. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडी आणि सोडविलेली मुले मुंबईस उतरवी. त्यांपैकी काहींना तेथे लिहिणेवाचणे, सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकवीत. गोदाकाठच्या या शाळेतून नऊ जण १८६६ च्या आरंभी लिव्हिंगस्टनबरोबर निघाले. इंग्रजी ग्रंथांत ते 'नाशिक बॉइज' म्हणून ओळखले जातात. काही वाटेत सोडून गेले, काही दगावले, एकदोघे मात्र शेवटपर्यंत राहिले. १८७२ साली त्यांच्यासाठी मदतीची जी तुकडी गेली तिच्यातही नाशिकला शिकलेले तरुण होते. जेकब वेनराइट त्यांतला एक.

लिव्हिंगस्टन १८७१ च्या मार्चमध्ये टांगानिकाच्याही पश्चिमेस न्यांग्वे या गावी लुआलाबा नावाच्या प्रचंड नदीवर पोहोचला. ती उत्तरेकडे वाहत होती. ही नाईल, असे त्याच्या मनाने घेतले. ही काँगो तर नसेल, असा किडाही त्याच्या मनात वळवळत होता. एक होडी मिळाली असती तर तो खाली जाऊन पाहणार होता. होडी मिळाली नाही. जुलैमध्ये न्यांग्वेच्या भरल्या बाजारावर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या माणसांनी गोळ्या झाडल्या. शेकडो माणसे, बहुतेक बायका, मारली गेली किंवा नदीत बुडाली. ते पाहून खचलेला लिव्हिंगस्टन उजिजीला परतला. तेथे त्याला शोधीत आलेला स्टॅन्ले भेटला. दोघे होडीने टांगानिकाच्या उत्तर टोकाला गेले, आणि रुसिझी आतच येते हे डोळ्यांनी पाहिले. सरदाराच्या मुलांनी हेच तेरा वर्षांपूर्वी सांगितले होते.

नाईलचे मूळ दक्षिणेस बांग्वेउलू सरोवराकडे आहे अशा समजुतीने लिव्हिंगस्टन पुन्हा त्या दलदलीत शिरला आणि १ मे १८७३ रोजी चितांबो नावाच्या सरदाराच्या गावी वारला. सोबत्यांनी त्याचे काळीज तेथे झाडाखाली पुरले. प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला तोही त्यानेच. उरलेला देह मीठ लावून, उन्हात वाळवून त्या लोकांनी हजाराहून अधिक मैल चालत समुद्रकाठी आणला. नऊ महिने लागले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत वेनराइट होता. खोडाचा तो कोरलेला तुकडा पुढे लंडनला नेण्यात आला. एवढ्या लांब तो देह आणण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केली नव्हती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

यानंतरचे काम झपाट्याने झाले. १८७४ साली कॅमेरॉन हा आरमारी अधिकारी टांगानिकाच्या पश्चिम काठाने जात असता त्याला लुकुगा नावाची खाडी दिसली. बाहेर जाणारी, पण लव्हाळ्यांनी बुजलेली. न्यांग्वेला पोहोचून त्याने लुआलाबाची उंची व पाणी मोजले. त्याच्या मोजणीप्रमाणे नदीची पातळी गोंडोकोरो येथील नाईलहून खाली आणि पाणी कितीतरी पट अधिक निघाले. खालची नदी वरच्या नदीला मिळणार कशी? ही काँगोच, असे त्याने अनुमान केले. त्यालाही होड्या मिळाल्या नाहीत. तो पायी दक्षिणेकडून अटलांटिकला पोहोचला. त्याच्या तांड्याचा मुकादम कोण होता? सिदी मुबारक बॉम्बे! स्पीकच्या दोन्ही सफरींत होता तोच.

शेवटचा शब्द स्टॅन्लेचा. १८७५ साली त्याने सुट्या भागांची होडी जोडून व्हिक्टोरियाची प्रदक्षिणा केली. सरोवर एकच, त्याला वाट एकच, ती रिपन धबधब्याची. स्पीक खरा ठरला. ऐकायला तो नव्हता. पुढल्या वर्षी टांगानिकाची प्रदक्षिणा झाली. मग न्यांग्वेहून तो लुआलाबाने खाली उतरला. विषुववृत्त ओलांडल्यावर नदी पश्चिमेस वळली, मग नैर्ऋत्येस, आणि ९ ऑगस्ट १८७७ रोजी तो अटलांटिकजवळील बोमा येथे पोहोचला. मार्गात त्याने पुष्कळ रक्त सांडले आणि त्या नदीवर पुढे बेल्जमच्या राजाने जे राज्य उभारले त्याचा पाया याच सफरीत पडला. तो विषय वेगळा व फार काळा आहे. लिव्हिंगस्टनचे बांग्वेउलू नाईलचे नव्हेच. त्याचे पाणी लुआपुला नदीने म्वेरू सरोवरात, तेथून लुआलाबात, म्हणजे काँगोत जाते. काँगो नाईलच्या दहापटीहून अधिक पाणी समुद्रात ओतते.

टांगानिकाचे एक गूढ तेवढे शिल्लक होते: लुकुगा वाहते की नाही? कॅमेरॉन म्हणाला वाहते. दोन वर्षांनी स्टॅन्लेला ती जवळजवळ निश्चल दिसली. दोघांनी जे पाहिले ते लिहिले. टांगानिकात येणारे बहुतेक पाणी वाफ होऊनच जाते; कमी पावसाच्या वर्षांत पातळी उतरली की वाट गाळाने व गवताने बुजते. १८७० नंतरच्या दशकात पातळी चढत गेली, बांध फुटला आणि १८७९ साली तेथे गेलेल्या मिशनऱ्याला लुकुगा जोराने वाहताना दिसली. सांडवा वर्षानुवर्षे कोरडा राहावा आणि मग एकदम वाहू लागावा, तसा हा प्रकार.

व्हिक्टोरियाचा हिशेबही असाच बारीक आहे. त्यात येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग नद्यांचा नसून सरोवरावर प्रत्यक्ष पडणाऱ्या पावसाचा असतो आणि त्यातला बहुतेक तेथेच वाफ होऊन जातो. उरते ते नाईलला. पुढे सुदानच्या दलदलीत त्यातील सुमारे निम्मे नाहीसे होते. ईजिप्तला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे सहा हिस्से इथियोपियाच्या डोंगरांतून येतात, पांढऱ्या नाईलचा हिस्सा साधारण सातवा. तरीही उन्हाळ्यात इथियोपियाकडचे पाणी आटते तेव्हा नदी वाहती राहते ती या सातव्या हिश्श्यावर. म्हणूनच १९५४ साली जिंजाजवळ ओवेन धबधब्याचे धरण बांधताना ईजिप्तशी करार करावा लागला: खडकावरून निसर्गतः जितके पाणी गेले असते तितकेच सोडावयाचे. धरणाचे उद्घाटन व्हिक्टोरिया राणीची खापरपणती एलिझाबेथ हिने केले आणि स्पीकचा रिपन धबधबा पाण्याखाली गेला. त्याच जागी १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग नाईलमध्ये विसर्जित करण्यात आला होता. १९६१ पासूनच्या अतिवृष्टीने सरोवर दोन मीटरांहून अधिक चढले. १९६४ चा तो उच्चांक २०२० साली मोडला.

राहता राहिली बर्टनची रुसिझी. ती ज्या किवू सरोवरातून निघते ते युरोपीयांना १८९४ साली प्रथम दिसले. त्याच्या उत्तरेस ज्वालामुखींची एक रांग आहे. भूशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की हे ज्वालामुखी उठण्यापूर्वी तेथील पाणी उत्तरेकडे, एडवर्ड सरोवराच्या दिशेने, म्हणजे नाईलकडेच जात असे. लाव्हारसाने ती वाट बंद केली, पाणी तुंबून किवू भरले, आणि अखेर काही हजार वर्षांपूर्वी दक्षिणेकडची कड ओलांडून ते रुसिझीने टांगानिकात उतरू लागले. बर्टनला जी नाईलकडे जाणारी वाट हवी होती ती त्या खोऱ्यात खरोखरच एके काळी होती. त्याचे संशोधन मात्र ज्वालामुखींनंतरचे.